वाफेची गाडी करायची म्हणताय? इंजिनाचं नंतर बघू, आधी पाण्याचं बोला

प्रश्न असा आहे: "आम्ही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलं. जुन्या मारुती ८००चं इंजिन काढून तिथे वाफेचं इंजिन बसवायचं आणि गाडी रस्त्यावर चालवायची, असा प्रोजेक्ट डोक्यात आहे. बॉयलर आम्हीच बनवणार. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत अशा गाड्या सर्रास धावत होत्या, मग आज नेमकी अडचण काय?"

माझी नोकरी बॉयलर हाउसमध्ये गेली. आधी साखर कारखाना, मग प्रोसेस बॉयलरची दुरुस्ती. मधल्या काळात वाफेच्या जुन्या रोड रोलरवरही हात काळे केले. त्या अनुभवावरून सांगतो. असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांच्या हातातल्या कागदावर बहुतेक वेळा इंजिनाचं सुबक ड्रॉइंग असतं. सिलिंडर, स्लाइड व्हॉल्व्ह, क्रँक, सगळं मापासकट. बॉयलरच्या जागी एक चौकोन आणि कंडेन्सरच्या, म्हणजे वापरलेल्या वाफेचं परत पाणी करणाऱ्या भागाच्या, जागी काहीच नाही. घोडं पेंड खातं ते तिथेच. इंजिन कुठल्याही बऱ्या लेथवाल्याकडून करून घेता येईल. पाणी कुठून आणायचं, स्वच्छ कसं ठेवायचं, दाबाखालच्या बॉयलरमध्ये कसं ढकलायचं, आत किती उरलंय ते कसं ओळखायचं आणि वाफ झालेलं परत कसं मिळवायचं, हे सोडवता सोडवता लोकांची हयात गेली आहे.

फ्रान्समध्ये क्युन्योची तीनचाकी १७६९ साली चालली, तेव्हा दर पाव तासाला थांबून पुन्हा वाफ जमवावी लागे. इंग्लंडात ट्रेव्हिथिकने १८०१च्या नाताळात कॅम्बोर्नच्या चढावर गाडी चालवून दाखवली. काही दिवसांनी ती वाटेत बिघडली, तेव्हा मंडळी आग तशीच ठेवून खानावळीत जेवायला बसली. बॉयलरमधलं पाणी आटलं, सांगाडा लाल झाला आणि गाडी जळाली. इंजिनाला दोन्ही वेळा कोणी दोष दिला नाही.

आता तुमच्या गाडीचा हिशोब. बॉयलर, पाणी, इंधन आणि दोन माणसं धरून वजन एक टन होईल. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरला चाकांवर सुमारे ५ अश्वशक्ती लागते. ५ टक्के चढ लागला की त्याच वेगाला १४ लागते. साधं, घरगुती पद्धतीने केलेलं इंजिन दर अश्वशक्तीमागे ताशी १२ ते १५ किलो वाफ खातं, त्याहून कमी खाल्ली तर मला कळवा, मी बघायला येईन. म्हणजे सपाटीवर किलोमीटरला सव्वा ते दीड लिटर पाणी आणि चढावर साडेतीन ते चार लिटर. पन्नास लिटरची टाकी घेऊन निघालात तर सपाटीवर पस्तीस-चाळीस किलोमीटर, आणि घाट लागला तर घाटमाथ्यापर्यंत पोहोचाल याची खात्री नाही.

अमेरिकेतल्या ज्या गाड्यांचं नाव तुमच्या डोक्यात आहे, त्या स्टॅन्ली बंधूंच्या. त्यांचा हिशोब याहून फार वेगळा नव्हता. मैलाला साधारण एक गॅलन पाणी जायचं, वाफ सरळ हवेत. गाडीबरोबर पाणी ओढून घेण्याचा होज असायचा आणि रस्त्याकडेला घोड्यांसाठी बांधलेले हौद हाच त्यांचा पाणवठा. १९१४ साली अमेरिकेत जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली, रोग पसरू नये म्हणून हौद बंद झाले आणि स्टॅन्लीवाल्यांची पंचाईत झाली. १९१५पासून त्यांनी कंडेन्सर बसवायला घेतला. तोवर उशीर झाला होता. कॅडिलॅकमध्ये १९१२ला सेल्फ-स्टार्टर आला होता, म्हणजे हँडल मारायचा त्रास गेला होता, आणि स्टॅन्लीत थंड बॉयलरला वाफ धरायला अर्धा तास लागायचा तो लागतच होता. १९२४ला उत्पादन थांबलं.

तुम्ही म्हणाल, मग कंडेन्सर पहिल्यापासूनच लावू. लावा, पण आकडा बघून लावा. चढावरची ती १४ अश्वशक्ती म्हणजे साधारण १० किलोवॅट. पेट्रोल इंजिन एवढं काम करतं तेव्हा रेडिएटरला दहा-पंधरा किलोवॅट उष्णता टाकावी लागते, बाकीची सायलेन्सरमधून निघून जाते. वाफेच्या गाडीत सायलेन्सरमधून जाणारी वाफच तुम्हाला धरून ठेवायची आहे. ताशी १९० किलो वाफेचं परत पाणी करायचं, तर दर किलोमागे २२५७ किलोज्यूल या हिशोबाने सुमारे १२० किलोवॅट हवेत टाकावे लागतात. आठ-दहा पट मोठा रेडिएटर झाला हा. त्यातून आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४०-४२ अंश. शंभर अंशांची वाफ आणि चाळीसची हवा, यांच्यातला फरक ६० अंशांचा, त्यावर काम भागवायचं. मारुतीच्या नाकात एवढी जागाच नाही. छतावर कंडेन्सर टाकलेला एक प्रोजेक्ट मी पाहिला आहे. पंखे फिरवण्यातच निम्मी बॅटरी जायची.

हे कोडं नीट सोडवणारा माणूस एकच, कॅलिफोर्नियातला ॲबनर डोबल. त्याच्या मॉडेल ई गाडीत वाफ दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या वर दाबाची आणि ४०० अंशांच्या आसपास तापवलेली, इंजिन कंपाउंड, म्हणजे एका सिलिंडरमधून निघालेली वाफ दुसऱ्यात पुन्हा कामाला लावणारं. त्यामुळे मुळात वाफच कमी लागायची. वाफ कमी म्हणजे कंडेन्सर लहान. पाण्याच्या एका टाकीवर १५०० मैल जायची असं त्या गाडीबद्दल सांगितलं जायचं, आणि थंड गाडी एका मिनिटाच्या आत निघायची. पण अशा गाड्या पन्नासही झाल्या नाहीत. किंमत श्रीमंतांना शोभेल अशी, आणि डोबल स्वतः एकही गाडी 'झाली' म्हणून सोडायला तयार नसायचा. कारखाना १९३१ला बंद. डोबलने करून दाखवलं म्हणजे ते शक्य आहे, एवढं मान्य. पण त्यासाठी किती काटेकोर काम लागलं तेही बघा.

आता बॉयलर. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, आणि दोन्हींत पाणी वेगवेगळ्या प्रकारे नडतं.

पहिली वाट रोलरसारख्या किंवा स्टॅन्लीसारख्या फायर ट्यूब बॉयलरची, म्हणजे ट्यूबांतून आगीचा धूर आणि त्यांच्याभोवती पाणी. यात पाण्याचा साठा मोठा, त्यामुळे चढ आला तरी दाब लगेच पडत नाही. पण तो साठाच बॉम्ब आहे. १० किलो दाबाला पाणी १८३ अंशांवर असतं. अशा १०० किलो पाण्याचं शेल एका क्षणात फाटलं तर त्यातल्या सुमारे १६ किलो पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. ही वाफ २७ घनमीटर जागा मागते, म्हणजे दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली भरून. आणि तुम्ही त्या बॉयलरच्या पुढे दोन फुटांवर बसलेले असता. स्टॅन्लींनी यावर फार हुशारी केली होती. जेमतेम दोन फूट व्यासाचं शेल, त्याभोवती पियानोच्या तारेचे घट्ट वेढे, आत शेकडो बारीक ट्यूबा. पाणी संपलं तर ट्यूबा प्लेटमध्ये सैल होऊन गळायच्या आणि त्या पाण्याने खालची आग विझायची.

पातळीचं एक सांगतो, पुस्तकात वाचून कळत नाही असं. एका हौशी गृहस्थाने लिलावात घेतलेला जुना वाफेचा रोलर आम्ही पुन्हा चालू केला होता. लोकोमोटिव्ह पद्धतीचा बॉयलर, फायरबॉक्स मागे, गेज ग्लास, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी काच, ड्रायव्हरच्या समोर म्हणजे तीही मागेच. सपाटीवर काचेत अर्धं पाणी. छोट्या चढावर घेतला की पाणी मागे सरकतं आणि काच पाऊण भरलेली दिसते. नवा माणूस खूश होतो, पंप बंद करतो. मग माथा ओलांडून नाक खाली झालं की सगळं पाणी पुढे पळतं, काच रिकामी होते आणि फायरबॉक्सच्या डोक्यावरची प्लेट उघडी पडते. खाली आग धडधडत असते. अडीच मीटर लांबीच्या बॉयलरला ५ टक्क्यांच्या उतारावर दोन टोकांत साडेबारा सेंटिमीटरचा फरक पडतो. प्लेटवर पाणी असतं काही इंचांचं. त्या प्लेटमध्ये बसवलेला शिशाचा लेड प्लग वितळून आग विझली तर नशीब. म्हणून जुने रोलरवाले माथा यायच्या आधी काचेकडे न बघता पंप चालू करायचे. कारखान्यात आमच्याकडे पातळीसाठी मोबरी, म्हणजे फ्लोटचा स्विच, असायची; फ्लोट खाली गेला की आग बंद. गाडीत गचके, ब्रेक आणि वळणं असतात. त्यात फ्लोट इतका नाचतो की एकतर सारखी आग तोडतो, नाहीतर लोक वैतागून त्याची वायर काढून टाकतात. दुसरी गोष्ट जास्त घडते.

दुसरी वाट कॉइलची, म्हणजे मोनोट्यूब. एका टोकाने पाणी आत, दुसऱ्या टोकाने सुपरहीट झालेली, म्हणजे कोरडी होऊन आणखी तापलेली, वाफ बाहेर. फ्रान्सच्या सेरपोलेने ही कल्पना गाडीत रुजवली आणि १९०२ साली नीसला अशाच बॉयलरच्या गाडीने ताशी १२० किलोमीटर गाठले. आतून १२ मिलिमीटरची ६० मीटर ट्यूब घेतली तर तिच्यात पाणी मावतं जेमतेम ७ लिटर. फुटली तर फूस होऊन मोकळी, आजूबाजूला कोणी असेल तर मात्र तो भाजणारच. तुमच्यासाठी हीच वाट बरी असं माझं मत.

पण इथे साठा शून्य. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात की त्याच क्षणी पाणी आणि आग दोन्ही बरोबर त्याच प्रमाणात वाढायला हवं. पाणी जास्त झालं तर इंजिनात ओली वाफ, आग जास्त झाली तर शेवटचे वेढे लाल. आणि आत गेलेल्या पाण्याचा परिणाम दुसऱ्या टोकाच्या तापमानावर दिसायला कित्येक सेकंद लागतात. तापमान बघून पाणी वाढवाल, तोवर परिस्थिती बदललेली असते. क्लीव्हलंडच्या व्हाइट कंपनीने आणि नंतर डोबलने हा झुलवा आवरण्यासाठी तापमानाने लांबी बदलणाऱ्या सळयांवर चालणारे व्हॉल्व्ह बसवले. तुमच्याकडे थर्मोकपल आहे, मायक्रोकंट्रोलर आहे, वेग बदलता येणारी पंपाची मोटर आहे. इथे मात्र तुम्ही डोबलच्या पुढे आहात, आणि या भागावर चांगलं काम करण्याजोगं बरंच काही आहे.

कॉइलची दुसरी अट पाण्याच्या शुद्धतेची. ड्रम असलेल्या बॉयलरमध्ये क्षार खाली बसतात, आपण ब्लोडाउन करतो, म्हणजे तळाचं पाणी बाहेर सोडतो, विषय संपला. कॉइलमध्ये पाणी जिथे पूर्ण आटतं तिथे सगळे क्षार ट्यूबच्या भिंतीला चिकटतात, आणि ब्लोडाउनला जागाच नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी घातलंत तर कॉइल थोडक्यात चोंदेल. सॉफ्टनरनेही भागत नाही, कारण सॉफ्टनर कठीणपणा काढतो, विरघळलेले क्षार तेवढेच राहतात. डिस्टिल्ड किंवा चांगलं डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी लागेल, आणि ते किलोमीटरला दीड लिटर सांडायला परवडणार नाही. म्हणजे आलात ना परत कंडेन्सरवर?

आणि कंडेन्सर आला की तेल आलं. सिलिंडरमध्ये वंगण म्हणून जे जाड स्टीम सिलिंडर ऑइल घालता ते वाफेबरोबर बाहेर पडतं. वाफ हवेत सोडत होतात तोवर ते रस्त्यावर जात होतं. आता ते कंडेन्सरच्या नळ्यांना आतून लेप देतं, टाकीत पाण्याशी घुसळून दुधाळ होतं आणि बॉयलरमध्ये परततं. ट्यूबच्या आतल्या अंगाला कागदाएवढाही तेलाचा थर बसला तर तिथे पाणी धातूला शिवत नाही, ट्यूब तापते, फुगते आणि फुटते. साखर कारखान्यात आमचा असाच धसका साखरेचा. साखर शिजवायच्या पॅनकडून येणाऱ्या कंडेन्सेटची, म्हणजे वाफेच्या परतलेल्या पाण्याची, अल्फा नॅफ्थॉल घालून टेस्ट करायची, जांभळं कडं दिसलं की ते पाणी तिथूनच गटारात, बॉयलरकडे नाहीच. तेलासाठी एवढी सोपी टेस्ट नाही. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उन्हात धरा, वर तवंग दिसला तर उशीर झालाय. टाकीत आडव्या पट्ट्या, तळातून पाणी उचलणं, मध्ये स्पंजाचा किंवा टॉवेलच्या कापडाचा फिल्टर, आणि तो न कंटाळता बदलणं, एवढंच हातात आहे.

फीड पंपाचं थोडक्यात. कंडेन्सरमधून येणारं पाणी ८०-९० अंशांचं असतं. असं पाणी पंपाने वर ओढायला गेलात की सक्शनमध्येच त्याची वाफ होते आणि पंप नुसता फिरतो, पाणी उचलत नाही. कारखान्यात आम्ही फीड टँक एक मजला वर ठेवून सुटतो. गाडीत मजला कुठून आणणार? टाकी पंपाच्या वर जेवढी घेता येईल तेवढी घ्या, सक्शनची लाइन आखूड आणि जाड ठेवा.

आता इंजिनाकडे येतो, कारण तुम्ही मुळात तेच विचारलं होतं. चांगली बाजू खरंच चांगली आहे. चाक उभं असतानाही पूर्ण जोर मिळतो, त्यामुळे क्लच नको, गिअरबॉक्स नको. स्टॅन्लीचं दोन सिलिंडरचं इंजिन सरळ मागच्या ॲक्सलला जोडलेलं होतं. दोन सिलिंडर आणि दोन क्रँकमध्ये ९० अंश ठेवा, म्हणजे इंजिन डेड सेंटरला, पिस्टन टोकाला थांबून क्रँक फिरवू शकत नाही त्या जागी, अडकणार नाही. मोटारसायकलचं इंजिन बदलून वापरायचा मोह होईल, स्वस्तात मिळतं म्हणून. त्यात पिस्टनच्या बाजूने वाफ क्रँककेसमध्ये उतरते आणि तिथलं तेल थोड्याच वेळात ताकासारखं होतं. पिस्टन रॉड, ग्लँड आणि क्रॉसहेड असलेलं डबल ॲक्टिंग, म्हणजे पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ ढकलते असं, इंजिन करा, वाफ वर आणि तेल खाली राहील. सकाळी थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साचतं. ड्रेन कॉक उघडे ठेवून हळूहळू तापवल्याशिवाय पूर्ण वाफ दिलीत तर पाणी दाबलं जात नाही आणि सिलिंडर कव्हर उडतं.

टर्बाइनचा विचार तुमच्यापैकी कुणीतरी मांडेलच. अमेरिकेत फ्रेड मॅरियटने १९०६ साली स्टॅन्लीच्या पिस्टनवाल्या गाडीतून ताशी २०५ किलोमीटर गाठले होते. तो अधिकृत विक्रम मोडायला २००९ उजाडलं. ब्रिटिश चमूने कॅलिफोर्नियात टर्बाइनची गाडी ताशी २२५ किलोमीटरच्या सरासरीने पळवली, १२ बॉयलर आणि सुमारे ३ किलोमीटर ट्यूब लावून. सरळ रेषेत काही मिनिटं पळण्यासाठी ते ठीक. लहान टर्बाइन अर्ध्या वेगावर वाफ नुसती वाया घालवतं, आणि रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ अर्ध्या वेगावरच असते.

आपल्या देशात हा प्रयोग कुणी केलाच नाही असं समजू नका. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला लेफ्टनंट क्रॉम्प्टन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पंजाबात, रावळपिंडीच्या बाजूला, भरीव रबरी टायरची थॉमसन बनावटीची वाफेची इंजिनं सरकारी वाहतुकीसाठी रस्त्यावर चालवली होती. तुमच्या खोलीतल्या पंख्यावर जे क्रॉम्प्टन लिहिलेलं असतं ते याच माणसाचं आडनाव; पुढे तो विजेकडे वळला. ती इंजिनं धावली, पण रेल्वे पोहोचली तशी त्यांची गरज संपली. नंतर आपल्याकडे वाफेचं वाहन म्हणून उरला तो रोलर. जमशेदपूरला टेल्कोने १९४८मध्ये वाफेचे रोलर करायला घेतले होते. रोलर टिकला, कारण त्याला वेग नको होता, वजन हवंच होतं आणि पाण्याचा टँकर कामावर हजर असायचा.

कायद्याचं. बॉयलरचा १९२३चा कायदा जाऊन १ मे २०२५पासून बॉयलर्स ॲक्ट २०२५ लागू आहे. फीड चेक व्हॉल्व्हपासून मेन स्टॉप व्हॉल्व्हपर्यंतची क्षमता २५ लिटरच्या आत असेल तर तो कायद्याच्या व्याख्येतला बॉयलर होत नाही. तुमची ७ लिटरची कॉइल त्यामुळे सुटते, पण कायद्यातून सुटली म्हणजे धोक्यातून सुटली असं नाही. त्याहून मोठा केलात तर डिझाइन मंजुरी, आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) मान्य पाइप, आयबीआर वेल्डर आणि राज्याच्या बाष्पके संचालनालयाची तपासणी, सगळं आलं. कॉइलसाठीसुद्धा मी सीमलेस आयबीआर ट्यूबच घ्या म्हणेन, आणि व्हॉल्व्ह घेताना दुकानदाराकडे फॉर्म थ्री-सी, म्हणजे बनावटीचं आयबीआर प्रमाणपत्र, मागा. तो नाही म्हणाला तर दुकान बदला. रस्त्याचं मात्र अवघड आहे. कंपनीच्या गाडीचं इंजिन काढून घरी केलेलं वाफेचं इंजिन बसवलं तर आरटीओ त्याला मान्यता देईल अशी आशा धरू नका. कॉलेजचं आवार किंवा एखाद्या कारखान्याची मोकळी जागा बघा आणि प्रोजेक्टच्या कागदावर तसंच लिहा.

कामाचा क्रम उलटा करा. मारुतीला सहा महिने हातही लावू नका. आधी जमिनीवर कॉइल, बर्नर, फीड पंप आणि कंडेन्सर एवढंच उभं करा, इंजिनाऐवजी मध्ये एक थ्रॉटल व्हॉल्व्ह. बर्नर डिझेलचा, आणि ज्योत गेली की इंधन तोडणारा फोटोसेल त्याच्यावर हवाच. तासभर ठरलेल्या दाबाला वाफ द्या, तो व्हॉल्व्ह अचानक उघडा, अचानक बंद करा, आणि तापमान किती झुलतंय ते लिहून ठेवा. टाकीत किती पाणी परत आलं ते मोजा. परत आलेलं पाणी दहात आठ लिटरच्या खाली असेल तर कंडेन्सरवर काम करा, पुढे जाऊ नका. हे जमल्यावर इंजिन जोडा आणि तेलाची गंमत सुरू होऊ द्या. गाडी सगळ्यात शेवटी.

सेफ्टी व्हॉल्व्ह कॉइलच्या वाफेच्या टोकाला, दोन, आणि त्यांचं तोंड माणसांपासून लांब जमिनीकडे वळवलेलं. हायड्रॉलिक टेस्ट चालवायच्या दाबाच्या दीडपट, थंड पाण्याने, आतली सगळी हवा काढून, अर्धा तास धरून. कॉम्प्रेसर हाताशी आहे म्हणून हवेने टेस्ट करायचं कुणी सुचवलं तर त्याला त्या दिवशी घरी पाठवा.